घाटात जोर कुणाचा? फोर्ड, होंडा, सुझुकीच्या चपळ लहान मोटारी आणि चंदीगडच्या ग्राहकापुढील पेच

चंदीगड : आकाराने लहान, किमतीने मध्यमवर्गाच्या आवाक्यातील, पण रस्त्यावर मोठ्या गाड्यांना मागे टाकणाऱ्या मोटारींचा एक वर्ग भारतात गेल्या पंचवीस वर्षांत घडला आणि बऱ्याच अंशी विखुरलाही. या वर्गात अमेरिकन फोर्डची बाजू घेणारे आणि जपानी होंडा-सुझुकीची बाजू घेणारे असे दोन तट कायम राहिले. फोर्डने ९ सप्टेंबर २०२१ रोजी भारतातील मोटारनिर्मिती थांबवण्याची घोषणा केल्यानंतर हा वाद केवळ हौसेचा राहिला नाही. जुन्या मोटारींच्या बाजारात चार-पाच लाख रुपये घेऊन उतरणाऱ्या ग्राहकासाठी तो आता घरखर्चाचा, सुट्या भागांचा आणि सुरक्षिततेचा प्रश्न झाला आहे.

हा प्रश्न समजून घेण्यासाठी चंदीगडइतके सोयीचे शहर क्वचितच सापडेल. ल कॉर्बुझिएच्या आराखड्यातील मध्य मार्ग, दक्षिण मार्ग, जन मार्ग यांसारखे रुंद व सरळ रस्ते, दक्षिणेला दिल्लीपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटरचा सपाट महामार्ग आणि उत्तरेला पिंजोर, कालका, परवाणू ओलांडताच सुरू होणारा हिमालयाचा घाट, अशी मोटारीची तिहेरी परीक्षा येथे एका दिवसात होते. येथील नोंदणीकृत वाहनांची संख्या लोकसंख्येहून अधिक असल्याचे वारंवार सांगितले जाते. मोटारीचे आकर्षण इतके, की २०२२ मध्ये ‘सीएच ०१ सीजे ०००१’ हा क्रमांक लिलावात १५ लाख ४४ हजार रुपयांना गेला, आणि तो घेतला होता एका स्कूटरसाठी.

‘अमेरिकन’ कोण, ‘जपानी’ कोण?

प्रथम शब्दांचा खुलासा आवश्यक आहे. भारतात विकल्या गेलेल्या ‘अमेरिकन’ लहान मोटारी अमेरिकेत जन्मलेल्या नव्हत्या. फोर्डची आयकॉन ही कंपनीच्या युरोपीय शाखेच्या फिएस्टावर आधारलेली होती आणि चेन्नईजवळील मरैमलई नगर येथे तयार होत असे. फिगोचे दीड लिटरचे डिझेल इंजिन ज्या घराण्यातील, ते फोर्ड आणि फ्रान्सच्या प्युजो-सिट्रोएन समूहाच्या भागीदारीतून उभे राहिले. शेवर्ले हे नाव अमेरिकन असले तरी त्या नावाच्या अनेक गाड्यांची रचना कोरियातील देवू कंपनीच्या वारशातून आली होती.

जपानी बाजूसही हेच लागू पडते. मारुती सुझुकीची स्विफ्ट गुरुग्राम-मानेसर परिसरात, तर होंडा सिटी आधी ग्रेटर नोएडा आणि नंतर राजस्थानातील तापुकारा येथे घडली. त्यामुळे ‘अमेरिकन विरुद्ध जपानी’ ही तुलना कारखान्यांच्या पत्त्यांची नाही. ती अभियांत्रिकीच्या दोन परंपरांची आणि बाजाराकडे पाहण्याच्या दोन रीतींची आहे.

दोन देश, दोन स्वभाव

या परंपरांची मुळे त्या त्या देशाच्या रस्त्यांत आणि करपद्धतीत आहेत. अमेरिकेत इंधन तुलनेने स्वस्त, अंतरे लांब आणि रस्ते सरळ. तेथे ताकद वाढवायची म्हणजे इंजिनाचे आकारमान वाढवायचे किंवा टर्बोचार्जर बसवायचा, हा सोपा मार्ग ठरला. डॉज निऑन एसआरटी-४ या २००३ ते २००५ दरम्यान विकल्या गेलेल्या साध्या घाटणीच्या मोटारीत २.४ लिटरचे टर्बो इंजिन होते आणि त्याची ताकद २०० अश्वशक्तीच्या वर होती. शेवर्ले कोबाल्ट एसएसची २००८ नंतरची टर्बो आवृत्ती २६० अश्वशक्तीपर्यंत पोहोचली. कमी पैशांत जास्तीत जास्त ताकद, हा त्यामागचा हिशेब होता.

जपानमध्ये मोटारीवरील वार्षिक कर इंजिनाच्या आकारमानानुसार वाढत जातो. लांबी ४.७ मीटर, रुंदी १.७ मीटर आणि इंजिन दोन लिटर या मर्यादेच्या आत राहणाऱ्या मोटारींचा तेथे वेगळा वर्गच आहे. त्याहून लहान ‘केई’ मोटारींना ६६० घनसेंटिमीटरची सीमा आहे. साहजिकच जपानी अभियंत्यांपुढे प्रश्न असा होता की, इंजिन न वाढवता ताकद कशी वाढवायची. त्याचे एक उत्तर म्हणजे इंजिन अधिक वेगाने फिरवणे.

होंडाचे ‘व्हीटेक’ तंत्रज्ञान हे याचे प्रसिद्ध उदाहरण. इंजिनात हवा घेणाऱ्या आणि धूर बाहेर टाकणाऱ्या झडपा किती उघडाव्यात आणि किती वेळ उघड्या ठेवाव्यात, हे कॅमशाफ्टवरील उंचवट्यांच्या आकारावर ठरते. कमी वेगाला मोजका श्वास पुरतो, जास्त वेगाला खोल श्वास लागतो. व्हीटेकमध्ये दोन्हींसाठी वेगवेगळे उंचवटे असतात आणि ठरावीक फेऱ्यांनंतर तेलाच्या दाबाने एकावरून दुसऱ्यावर बदल होतो. १९८९ मध्ये जपानमधील होंडा इंटेग्रात हे तंत्र आले, तेव्हा १.६ लिटरच्या, टर्बो नसलेल्या इंजिनाने १६० अश्वशक्ती दिली. लिटरमागे शंभर अश्वशक्ती हा तेव्हाच्या रोजच्या वापराच्या मोटारीसाठी विलक्षण आकडा होता.

‘जोश’ विरुद्ध ‘व्हीटेक’

भारतीय ग्राहकाला हा सामना पहिल्यांदा दिसला तो गेल्या शतकाच्या अखेरीस. होंडा सिटी १९९८ मध्ये आली आणि शतकाच्या वळणावर तिची १०६ अश्वशक्तीची व्हीटेक आवृत्ती दाखल झाली. १९९९ मध्ये फोर्डने आयकॉन आणली. ‘जोश मशीन’ या जाहिरातीने ती घरोघरी पोहोचली. तिच्या १.६ लिटर पेट्रोल इंजिनाची ताकद सुमारे ९२ अश्वशक्ती होती. त्याच वर्षी मारुतीने १.६ लिटर इंजिनाची पहिली बलेनो बाजारात उतरवली.

कागदावर होंडा पुढे होती, परंतु दोन्ही गाड्या चालवण्याचा अनुभव वेगळा होता. आयकॉनचे इंजिन आकारमानाने मोठे आणि कमी फेऱ्यांतच जोर देणारे. गिअर न बदलता ट्रकला मागे टाकण्याची सवय तिने अनेकांना लावली. व्हीटेक मात्र फेरे चढल्यावर खुलत असे. चालकाने गिअर खाली आणून इंजिन गरगरवले तर तिला गाठणे अवघड, अन्यथा ती शहाण्या कौटुंबिक गाडीसारखी वागणारी. फोर्डच्या स्टिअरिंगचे आणि वळणावरील स्थैर्याचे कौतुक होई, तर होंडाच्या इंजिनाच्या तलमपणाचे. पुढे २००५ मध्ये फोर्डची फिएस्टा १.६ लिटर इंजिनासह आली आणि त्याच वर्षी स्विफ्टही. तेथून चपळ लहान मोटारींचा हा वर्ग खऱ्या अर्थाने भरास आला.

मोठ्या आकाराच्या वर्गातही हीच विभागणी दिसली. २००६ मध्ये आलेल्या होंडा सिव्हिकचे १.८ लिटर पेट्रोल इंजिन १३२ अश्वशक्तीचे होते. २००९ च्या शेवर्ले क्रूझने त्याला दोन लिटरच्या, १५० अश्वशक्तीच्या डिझेल इंजिनाने उत्तर दिले.

आकडे काय सांगतात?

जाहिरातीत ‘अश्वशक्ती’ ठळक छापली जाते, ‘टॉर्क’ बारीक अक्षरात. प्रत्यक्षात दोन्ही एकमेकांशी बांधलेले आहेत. टॉर्क म्हणजे इंजिनाचा पिळण्याचा जोर आणि तो न्यूटन मीटरमध्ये मोजतात. अश्वशक्ती म्हणजे तो जोर किती वेगाने काम करतो याचे माप. टॉर्कला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणून ७,०२३ ने भागले की त्या क्षणाची अश्वशक्ती मिळते.

हा हिशेब तीन परिचित गाड्यांना लावून पाहता येतो. २०१५ मध्ये आलेल्या फिगोचे दीड लिटर टर्बो डिझेल इंजिन १०० अश्वशक्ती आणि २१५ न्यूटन मीटर टॉर्क देते. २०१७ मधील मारुती बलेनो आरएसचे एक लिटरचे, तीन सिलिंडरचे ‘बूस्टरजेट’ टर्बो पेट्रोल इंजिन १०२ अश्वशक्ती आणि १५० न्यूटन मीटर देते. २०१४ च्या होंडा सिटीचे दीड लिटर, टर्बो नसलेले पेट्रोल इंजिन ६,६०० फेऱ्यांना ११९ अश्वशक्ती आणि ४,६०० फेऱ्यांना १४५ न्यूटन मीटर देते.

मिनिटाला २,००० फेरे असताना, म्हणजे शहरात किंवा चढावर आपण सहसा ज्या गतीला इंजिन ठेवतो तेव्हा, फिगो सुमारे ६१ अश्वशक्ती पुरवते. बलेनो आरएस सुमारे ४३. होंडाचा कमाल टॉर्क याच फेऱ्यांना मिळतो असे तिच्या बाजूने गृहीत धरले, तरीही आकडा ४१ च्या पुढे जात नाही. प्रत्यक्षात तो त्याहून कमी असतो. याउलट ३,७५० फेऱ्यांच्या आसपास डिझेलची ताकद संपते आणि होंडाचे इंजिन तेथून पुढे आणखी जवळपास तीन हजार फेरे चढत राहते.

येथे एक सावधगिरी हवी. चाकापर्यंत पोहोचणारा जोर गिअरवरही अवलंबून असतो. पेट्रोल गाडीचा चालक एक-दोन गिअर खाली आला, तर ती उणीव बरीचशी भरून निघते. म्हणून ‘डिझेल फोर्ड ताकदवान’ किंवा ‘होंडा वेगवान’ अशी सरसकट विधाने अपुरी ठरतात. एका गाडीत जोर आयता मिळतो, दुसरीत तो गिअर बदलून मागून घ्यावा लागतो, असे म्हणणे अधिक नेमके होईल.

वजनाचाही विचार करावा लागतो. बलेनो आरएस अवघी ९५० किलोची. टनामागे तिची ताकद सुमारे १०७ अश्वशक्ती भरते. फिगो डिझेलचे वजन हजार किलोहून थोडे अधिक आणि त्यातील मोठा वाटा पुढच्या चाकांवर. हलकी गाडी वळणावर दिशा चटकन बदलते आणि ब्रेकवर ताणही कमी येतो. बलेनो आरएसला मागील चाकांनाही डिस्क ब्रेक होते, फिगोच्या मागे ड्रम.

चंदीगड ते शिमला

चंदीगड समुद्रसपाटीपासून सुमारे ३२१ मीटर उंचीवर आहे. साधारण ११५ किलोमीटरवरील शिमला सुमारे २,२०० मीटरवर. म्हणजे तीन-चार तासांच्या प्रवासात मोटार जवळपास १,९०० मीटर वर चढते. तुलनेसाठी, महाबळेश्वरची उंची सुमारे १,३५० मीटर आहे.

उंची वाढली की हवा विरळ होते. टर्बो नसलेले इंजिन बाहेरील दाबाने जेवढी हवा आत येईल तेवढीच घेते. त्यामुळे दर हजार मीटरला त्याची ताकद साधारण दहा टक्क्यांनी घटते, असा अभियंत्यांचा ढोबळ ठोकताळा आहे. चंदीगडमध्ये ११९ अश्वशक्ती देणारे होंडाचे इंजिन शिमल्यात शंभराच्या आसपास येते. टर्बोचार्जर मात्र बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर पंखा फिरवून हवा दाबून आत ढकलतो. विरळ हवेची भरपाई तो बरीचशी करतो. त्यामुळे सपाटीवर मागे पडणारी बलेनो आरएस किंवा फिगो डिझेल घाटात बरोबरी साधते, काही ठिकाणी पुढेही जाते.

फोर्डच्या एक लिटरच्या ‘इकोबूस्ट’ इंजिनाचे कौतुक याच कारणाने झाले. २०१३ च्या इकोस्पोर्टमधील या तीन सिलिंडरच्या इंजिनाने १२५ अश्वशक्ती आणि १७० न्यूटन मीटर टॉर्क दिला. जपानी कंपन्यांना जो लहान इंजिनाचा आग्रह परंपरेने होता, त्याच वाटेने अमेरिकन कंपनी गेल्याचे हे उदाहरण. पुढे सुझुकीचे बूस्टरजेटही त्याच धर्तीचे निघाले. दोन परंपरा येथे एकमेकींच्या जवळ आल्या होत्या.

सपाट महामार्गावर चित्र पालटते. अंबाला-दिल्ली मार्गावर स्थिर गतीने जाताना तिन्ही गाड्या पुरेशा आहेत. तेथे फरक पडतो तो आवाजाचा, इंधनाच्या खर्चाचा आणि आसनांच्या सोयीचा. वेगमर्यादा सर्वांना सारखीच असल्याने शंभरावर सतरा किंवा एकोणीस अश्वशक्ती जास्त असण्याचा व्यवहारात उपयोग अल्प.

चार मीटरची रेषा

या स्पर्धेचा निकाल रस्त्यावर जितका लागला, त्याहून अधिक तो करांच्या कोष्टकात लागला. २००६ च्या अर्थसंकल्पात लहान मोटारींवरील उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणण्यात आले. अट अशी, की लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोलचे असल्यास १,२०० घनसेंटिमीटरपर्यंत, डिझेलचे असल्यास १,५०० पर्यंत. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हाही हीच सीमा कायम राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासूनच्या नव्या रचनेत या रेषेच्या आतील मोटारींना १८ टक्के, तर बाहेरील पेट्रोल-डिझेल मोटारींना ४० टक्के कर आहे.

ही रेषा नजरेसमोर ठेवली की अनेक गोष्टी उलगडतात. फिगोचे डिझेल १,४९८ घनसेंटिमीटरचे, म्हणजे सवलतीच्या काठावर नेमके बसणारे. इकोबूस्ट ९९९ आणि बूस्टरजेट ९९८ घनसेंटिमीटरचे, म्हणून तेही आत. परंतु फिगोची दीड लिटर पेट्रोल स्वयंचलित आवृत्ती लांबीने आत असूनही इंजिनाने बाहेर गेली. ताकद १२३ अश्वशक्तीपर्यंत, पण करही मोठ्या गाडीचा. लहान गाडीसाठी मोठ्या गाडीची किंमत द्यायला ग्राहक तयार झाला नाही. सुझुकीची १४० अश्वशक्तीची, एक टनाहून हलकी स्विफ्ट स्पोर्ट भारतात अधिकृतपणे कधी विकली गेली नाही, त्यामागचे गणितही समजण्यासारखे आहे. तिचे इंजिन १.४ लिटरचे आहे.

जपानी कंपन्यांना आकारमानावर कर लावणाऱ्या बाजारात जगण्याची सवय होती. मारुतीचा तर संपूर्ण संसारच लहान इंजिनांवर उभा होता. फोर्डला प्रत्येक वेळी जागतिक इंजिन भारतीय चौकटीत बसवावे लागले. त्यातून चांगली यंत्रे निर्माण झाली, पण पुरेशी विक्री झाली नाही.

माघारीचा इतिहास

जनरल मोटर्सने १८ मे २०१७ रोजी भारतातील विक्री थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. तिचा हलोल येथील कारखाना चिनी कंपनी एसएआयसीकडे गेला. पुणे जिल्ह्यातील तळेगावचा कारखाना २०२० च्या अखेरपर्यंत निर्यातीसाठी सुरू राहिला आणि नंतर बंद झाला. हजाराहून अधिक कामगारांच्या रोजगाराचा वाद दीर्घकाळ न्यायालयीन लढाईत राहिला. २०२३ मध्ये ह्युंदाईने तो कारखाना घेण्याचा करार केला आणि २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये बाजारात आलेली नवी व्हेन्यू तेथेच तयार होऊ लागली.

फोर्डने बाहेर पडताना दहा वर्षांत दोन अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाल्याचे सांगितले. बाजारातील तिचा हिस्सा तेव्हा दोन टक्क्यांच्या आत होता आणि सुमारे चार हजार कर्मचाऱ्यांवर परिणाम होणार होता. साणंद येथील कारखाना टाटा मोटर्सच्या उपकंपनीने जानेवारी २०२३ मध्ये ७२५ कोटी ७० लाख रुपयांना ताब्यात घेतला. चेन्नईच्या कारखान्यासाठी फोर्डने सप्टेंबर २०२४ मध्ये निर्यातीच्या उद्देशाने इरादापत्र दिले आणि पुढील वर्षी तेथे इंजिननिर्मितीसाठी गुंतवणुकीचा करार केला. भारतीय ग्राहकांसाठी पुन्हा लहान मोटारी बनवण्याचा मात्र त्यात समावेश नाही.

या माघारीला जागतिक संदर्भही आहे. एप्रिल २०१८ मध्ये फोर्डने उत्तर अमेरिकेत मस्टँग वगळता पारंपरिक प्रवासी मोटारी टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरवले. फोकस आणि फिएस्टाच्या वेगवान आवृत्त्या त्यात गेल्या. आज अमेरिकेतील खरेदीदाराला चपळ लहान मोटार हवी असल्यास होंडा सिव्हिक टाइप आर, टोयोटा जीआर कोरोला, सुबारू डब्ल्यूआरएक्स अशी प्रामुख्याने जपानी नावेच समोर येतात.

तथापि जपानी कंपन्यांनी भारतात हा वर्ग जिवंत ठेवला, असेही म्हणता येत नाही. बीएस-६ निकष १ एप्रिल २०२० पासून लागू झाले, त्याआधीच बलेनो आरएस बंद झाली. होंडाने डिसेंबर २०२० मध्ये ग्रेटर नोएडातील उत्पादन थांबवले आणि सिव्हिक भारतीय बाजारातून गेली. डॅटसन हे नाव २०२२ मध्ये मावळले. बूस्टरजेट इंजिन २०२३ मध्ये परतले, पण फ्राँक्स या उंच बांध्याच्या गाडीत. रिकामी जागा ह्युंदाईच्या आय-२० एन लाइनने आणि पुण्यात तयार होणाऱ्या टाटा अल्ट्रोझच्या १२० अश्वशक्तीच्या रेसर आवृत्तीने काही प्रमाणात भरली.

जुनी गाडी घेताना

त्यामुळे आजची खरी स्पर्धा नव्या गाड्यांच्या दालनात नसून जुन्या मोटारींच्या बाजारात आहे. चंदीगडला या बाजाराचे आणखी एक कारण आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात दहा वर्षांहून जुन्या डिझेल आणि पंधरा वर्षांहून जुन्या पेट्रोल वाहनांवर निर्बंध आणले. त्या निर्बंधांच्या अंमलबजावणीत पुढे बदल होत राहिले. चंदीगड या क्षेत्रात येत नाही. दिल्लीत आयुष्य संपत आलेली डिझेल गाडी ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन अन्य राज्यांत जाते. स्वस्त मिळाली म्हणून ती घेणाऱ्याने नोंदणीचे वर्ष, पुनर्नोंदणीचा खर्च आणि आपण ती कोणत्या भागात चालवणार आहोत, हे आधी पाहणे शहाणपणाचे. दिल्लीला वारंवार जाणाऱ्यासाठी दहा वर्षांची डिझेल फिगो हा चुकीचा सौदा ठरू शकतो.

फोर्डने देखभाल व सुटे भाग पुरवत राहण्याचे आश्वासन दिले असून सेवा केंद्रे कमी झाली तरी व्यवस्था सुरू आहे. तेलगाळणी, ब्रेक पॅड, क्लच यांसारखे नेहमी झिजणारे भाग सहसा अडत नाहीत. अडचण येते ती दिवे, बंपर, दरवाजाचे पत्रे आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रक अशा विशिष्ट भागांची. म्हणजे नियमित देखभालीपेक्षा अपघातानंतरची दुरुस्ती जास्त रखडण्याचा धोका आहे. विमा घेताना याचा विचार करावा.

फोर्डच्या दुहेरी क्लचच्या स्वयंचलित गिअरपेटीबाबत अमेरिकेत ग्राहकांनी सामूहिक दावा केला होता आणि त्यात तडजोड झाली. भारतात तशी गिअरपेटी असलेली जुनी गाडी घेताना गर्दीत, कमी वेगाने, दीर्घ वेळ चालवून पाहणे आवश्यक. होंडाच्या बाबतीत ताकाता कंपनीच्या एअरबॅगसाठी जगभर झालेल्या परत बोलावणीत भारतातील जुन्या सिटीसह अनेक गाड्या होत्या. चासी क्रमांक देऊन ते काम झाले आहे का, याची खात्री अधिकृत केंद्रात करून घेता येते. टर्बो पेट्रोल गाडीत इंजिन तेल वेळेवर बदलल्याच्या नोंदी पाहाव्यात. तेलाची हयगय झाल्यास सर्वांत आधी टर्बोचे नुकसान होते.

ताकदीआधी सुरक्षा

वेगवान गाडी निवडताना सुरक्षेचा मुद्दा मागे पडतो. ग्लोबल एनकॅपने २०१४ मध्ये घेतलेल्या धडक चाचण्यांत एअरबॅग नसलेल्या मूळ आवृत्तीतील फोर्ड फिगो आणि मारुती स्विफ्ट या दोघींनाही मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले होते. गाडी कोणत्या देशाच्या कंपनीची, यावर सुरक्षा ठरत नाही, हे त्या निकालांनी दाखवले. एबीएस भारतात एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना बंधनकारक झाले आणि पुढील दोन्ही आसनांसाठी एअरबॅग २०२२ पासून. त्यापूर्वीची गाडी घेताना ती कोणत्या आवृत्तीची आहे आणि या दोन्ही सोयी तीत आहेत का, हे विचारलेच पाहिजे. घाटात जाणाऱ्या शंभर अश्वशक्तीच्या गाडीला एबीएस नसेल, तर स्वस्ताईचा अर्थ उरत नाही.

दुसरा मुद्दा फेरबदलांचा. टर्बो इंजिनाच्या संगणकीय नियंत्रकातील नोंदी बदलून ताकद वाढवून देण्याचा व्यवसाय देशभर चालतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. अपघात झाल्यास विमा कंपनीही अशा बदलांवर बोट ठेवू शकते. जुनी ‘जोरदार’ गाडी विकत घेणाऱ्याने आधीच्या मालकाने काय बदल केले, हे तपासणे म्हणूनच गरजेचे.

निवड कशी करावी?

सारांशाने सांगायचे तर, वर्षातून अनेकदा शिमला-कसौलीचा किंवा आपल्याकडील आंबोली-वरंधचा घाट भरल्या गाडीने चढणाऱ्यास कमी फेऱ्यांतला जोर उपयोगी पडतो. त्यासाठी टर्बो असलेली गाडी, मग ती फोर्डची डिझेल असो वा सुझुकीची पेट्रोल, अधिक सोयीची. मुख्यतः शहरात आणि सपाट महामार्गावर वावर असेल, वार्षिक धाव कमी असेल आणि गाडी आणखी आठ-दहा वर्षे ठेवायची असेल, तर टर्बो नसलेल्या जपानी पेट्रोल इंजिनाचा साधेपणा आणि सुट्या भागांची उपलब्धता जड भरते. वळणावरील पकड आणि स्टिअरिंगची जाण यांसाठी फोर्ड घेणाऱ्याने जवळचे सेवा केंद्र किती अंतरावर आहे, हे आधी मोजावे.

चंदीगड प्रशासनाने सप्टेंबर २०२२ मध्ये विद्युत वाहन धोरण जाहीर केले आणि शहरात विजेवरील मोटारी हळूहळू वाढत आहेत. विद्युत मोटरमध्ये पहिल्या फेऱ्यापासूनच पूर्ण टॉर्क मिळतो आणि उंचीवरील विरळ हवेचा तिच्या ताकदीवर परिणाम होत नाही. फोर्डचा आयता जोर आणि होंडाचे चढते फेरे हा भेदच तेथे उरत नाही. तोपर्यंत मात्र परवाणूच्या चढावर गिअर खाली आणावा की नाही, हे या जुन्या गाड्यांच्या मालकांना प्रत्येक वळणावर ठरवावेच लागेल.